कोंतो तेर्झी : दुसऱ्याच्या नावाच्या फ्रेम्स आणि इटलीतले सात दिवस

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं जॉबवर्क करतो, एकोणीस वर्षं झाली. आमच्या हातचे ब्रॅकेट आणि पाइपचे पार्ट पुणे-मुंबई हायवेवर रोज किती गाड्यांखाली पळत असतील त्याची मोजदाद नाही, पण त्यावर नाव कंपनीचं, आमचं कुठेच नाही, धंद्याची रीतच ती. रविवारी मात्र सायकल, पहाटे निघायचं, कात्रज नाहीतर सिंहगड पायथा आणि परत. या नादात वाचता वाचता कळलं की ज्या इटालियन स्टीलच्या फ्रेम्सवर आमचा सगळा ग्रुप जीव टाकतो त्यातल्या कित्येक त्या नावाच्या कारखान्यात बनलेल्याच नाहीत, कुठल्यातरी खेड्यातल्या शेडमध्ये आमच्यासारख्याच जॉबवर्कवाल्याने बनवल्यात. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की ही माणसं बघायची. भाचा मिलानला पॉलितेक्निकोत मास्टर्स करतोय, तो म्हणाला मामा तुम्ही फक्त तिकीट काढा, भाषेचं मी बघतो. सप्टेंबरच्या शेवटी वर्कशॉप धाकट्या भावावर सोपवून निघालो.

दिवस पहिला, मिलान

मालपेन्साला उतरून ट्रेनने कादोर्ना स्टेशन, भाच्याच्या रूमवर सामान टाकलं, आंघोळ केली आणि झोप वगैरे न घेता सरळ विगोरेल्ली गाठलं. विगोरेल्ली म्हणजे मिलानचा सायकलिंगचा लाकडी ट्रॅक, १९३५ चा. बाहेरून बघाल तर एखादं जुनं स्टेडियम वाटेल, उंच भिंत, वर छप्पर. पण याच ट्रॅकवर ७ नोव्हेंबर १९४२ ला इटलीचा गाजलेला सायकलपटू फाउस्तो कोप्पी याने एका तासात पंचेचाळीस किलोमीटरच्या वर सायकल मारून जागतिक विक्रम केला होता, दोनच आठवड्यांपूर्वी मिलानवर बॉम्ब पडले होते आणि हा माणूस ट्रॅकवर गोल गोल फिरत होता. गेट बंद होतं, फटीतून वळणाचा लाकडी उतार थोडासा दिसला, एवढा तिरका की त्यावर माणूस उभा कसा राहील असा प्रश्न पडावा.

मी आलो होतो ते ट्रॅकपेक्षा ट्रॅकच्या खालच्या गाळ्यासाठी. इथे फालिएरो मासीचं वर्कशॉप होतं. मासीला सायकलवाले शिंपी म्हणायचे, इटालियनमध्ये सार्तो. का, तर माणसाच्या मापाने फ्रेम शिवल्यासारखी बनवायचा. आता गंमत अशी की मोठे रायडर टीमच्या करारात बांधलेले असतात, टीमला सायकल देणारी कंपनी ठरलेली असते, त्या कंपनीचंच नाव सायकलवर दिसलं पाहिजे. पण पोटापाण्याचा प्रश्न असलेला रायडर स्वतःच्या हाडांना मानवेल तीच फ्रेम मागणार ना, मग तो गुपचूप मासीकडे जायचा, माप द्यायचा, फ्रेम बनायची, तिच्यावर टीमच्या कंपनीचा रंग चढायचा आणि स्टिकर लागायचा. फोटो छापून यायचा कंपनीचा.

पुढची गोष्ट ऐकून मला तिथे फुटपाथवरच थोडा वेळ बसावंसं वाटलं. १९७० च्या दशकात मासीने आपल्या नावाचे हक्क अमेरिकेत विकले, कॅलिफोर्नियात कार्ल्सबादला मासी नावाने कारखाना निघाला. मुलगा आल्बेर्तो इथे मिलानमध्ये ट्रॅकखालीच फ्रेम बनवत राहिला, पण अमेरिकेला जाणाऱ्या मालावर त्याला स्वतःचं आडनाव लावता येईना, ३व्ही असं वेगळं नाव लावावं लागलं. घर इथे, हात इथे, आणि बापाचं आडनाव समुद्रापार. मी वीस वर्षं विचार करतोय की आपलं नाव कुठे नाही, आणि इथे नाव असूनही ते आपल्याच मालावर लावायची सोय राहिली नव्हती.

दिवस दुसरा, गिझाल्लो

कादोर्नाहून आस्सोची लोकल, तिथून बस, घाट चढून माग्रेल्यो नावाचं गाव. तिथे ७५४ मीटर उंचीवर मादोन्ना देल गिझाल्लोचं छोटंसं देऊळ आहे, हो चर्चच, पण आपल्या घाटमाथ्यावरच्या देवीच्या देवळासारखंच, येणारा जाणारा थांबतो, हात जोडतो आणि उताराला लागतो. १९४९ साली पोपने या देवीला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतीभर जुन्या चॅम्पियनांच्या सायकली टांगलेल्या, कोप्पीची, बार्तालीची, बेल्जियमच्या मर्क्सची, जर्सी, फोटो, वाटेत गेलेल्या सायकलस्वारांच्या छोट्या तसबिरी. फाबियो कासार्तेल्लीची सायकल आहे, हा याच भागातला पोरगा, १९९२ ला बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून गेला, चोवीस वर्षांचा. ती वाकलेली सायकल तशीच ठेवलीय. तिच्यासमोर कोणी बोलत नाही. भाच्याने पण फोन खिशात टाकला.

शेजारी म्युझियम आहे, २००६ ला सुरू झालं, जुना चॅम्पियन फियोरेन्झो मान्यी याने पुढाकार घेऊन उभं केलं. लोक तिथे जीरो या इटलीच्या मोठ्या शर्यतीतल्या गुलाबी जर्सी बघतात, मी तीन तास फ्रेमचे सांधे बघत बसलो. एक गोष्ट सांगतो, जुन्या स्टीलच्या फ्रेमवर स्टिकर काय आहे ते विसरायचं आणि चार जागा बघायच्या. सीटखाली मागून येणाऱ्या दोन बारीक नळ्या जिथे चिकटतात तिथलं टोक कसं कापलंय, मागच्या ब्रेकचा आडवा पूल कसला आहे, चाकाचा एक्सल बसतो त्या पट्टीला कानस कशी मारलीय, आणि लग म्हणजे नळ्या जोडणारा तो सॉकेटसारखा तुकडा, त्याचं टोक किती पातळ आणलंय. माणसाचा हात तिथे सापडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या सायकली शेजारी शेजारी होत्या आणि सीटखालचं टोक अगदी एकाच हाताचं वाटत होतं, खात्री देता येणार नाही पण आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा कुठला मणी कुठल्या वेल्डरचा ते मी लांबून सांगतो, तशातलाच प्रकार.

दिवस तिसरा, काम्बियागो आणि कुझानो

हिरव्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन जेस्साते, तिथून काम्बियागोपर्यंत चालत. हे कोल्नागो या सायकल कंपनीचं गाव. एर्नेस्तो कोल्नागोने १९५० च्या दशकात इथे एका खोलीत सुरुवात केली, आज जगभर किलवरचा एक्का हे त्यांचं चिन्ह ओळखतात, ते चिन्ह १९७० ला त्यांच्या रायडरने मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकल्यानंतरचं.

मला ते गाव बघायचं होतं एका सायकलसाठी. २५ ऑक्टोबर १९७२, मेक्सिको सिटी, एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर मारले. ती सायकल कोल्नागोने बनवली होती, साधारण पावणेसहा किलोची, चेनच्या कड्यांना सुद्धा भोकं पाडून वजन कमी केलेलं. आणि फ्रेमवर नाव काय, तर विंडसर. मेक्सिकोतली सायकल कंपनी. म्हणजे सायकलच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण, सगळ्या जगाने फोटो बघितला, आणि ज्या हाताने ती नळी कापली त्याचं नाव नळीवर नाही. कोल्नागोसारख्या माणसाच्या बाबतीत हे झालं तर खेड्यातल्या शेडवाल्याचं काय घेऊन बसलात.

दुपारी मिलानच्या उत्तरेला कुझानो मिलानिनो. इथे उगो दे रोझाचं वर्कशॉप. १९७३ पासून मर्क्सच्या सायकली दे रोझाने बनवल्या आणि त्यावर नाव एडी मर्क्स. १९७४ ला मर्क्सने जीरो, टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप तिन्ही एकाच वर्षात मारल्या. पण दे रोझाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी, १९८० ला मर्क्सने बेल्जियममध्ये स्वतःचा फ्रेमचा कारखाना टाकला तेव्हा काम शिकवायला हाच माणूस उभा राहिला. आपलं मोठं गिऱ्हाईक स्वतःच कारखाना टाकतंय म्हटल्यावर आमच्या एमआयडीसीत बोलणं बंद होतं, मी दोन वेळा बघितलंय, एकदा माझ्याच बाबतीत, ड्रॉइंग आमच्याकडून सुधारून घेतलं आणि जॉब दुसरीकडे गेला, नाव नको, झालं ते झालं. दे रोझा २०२३ च्या मार्चमध्ये गेले, ८९ वर्षांचे होते. गेटबाहेरून नमस्कार केला आणि परतलो.

दिवस चौथा, शोपेरो

सकाळी व्हिचेन्झाला निघायचं होतं, स्टेशनवर गेलो तर बोर्डावर ओळीने कॅन्सल कॅन्सल. शोपेरो, म्हणजे संप. भाचा म्हणाला मामा इथे हे चालतंच. दिवस गेला. मिलानमध्ये चालत फिरलो, कॅथेड्रल बघितलं, फॅशनवाल्या गल्ल्या बघितल्या. याच शहरात २०२५ च्या जूनमध्ये एका बड्या फॅशन हाउसने शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं, नंतर आपल्याकडे गदारोळ झाल्यावर कबूल केलं. तिथल्या एका दुकानाच्या काचेसमोर मला तीन दिवसांतलं सगळं एकदम आठवलं.

संध्याकाळी भाच्याने मला एक शब्द शिकवला, कोंतो तेर्झी. शब्दशः तिसऱ्याच्या खात्यावर, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेलं काम. असं काम करणारा तो तेर्झिस्ता. फ्रेम बनवणारा म्हणजे तेलाइस्ता. मी म्हटलं अरे हे तर जॉबवर्क, तर तो म्हणाला हो, अगदी तेच.

यामागचा हिशोब सरळ आहे. १९७० च्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींना एकदम मागणी आली, इटालियन नावाला सोन्याचा भाव. नाव असलेल्या वर्कशॉपमध्ये माणसं मोजकी आणि ऑर्डर हजारांत. माणसं वाढवली तर मंदीत पगार कुठून द्यायचा? मग नळ्या आणि लग कंपनीने द्यायचे आणि जोडायचं काम गावोगावच्या तेलाइस्तांना वाटायचं. नळ्या बहुतेक कोलंबसच्या, ही मिलानची कंपनी, १९१९ ची, चिन्ह कबूतर. नळी टोकांना जाड आणि मधे पातळ, ०.९ मिलिमीटर, मधे ०.६, परत ०.९, कारण ताकद लागते ती सांध्यापाशी, मधे नुसतं वजन. आमच्या दीड-दोन एमएमच्या पाइपवर हात बसलेल्या माणसाला ०.६ ची भिंत ऐकूनच घाम फुटतो, आच जरा जास्त झाली की संपलं. मिलानच्या उत्तरेचा ब्रियान्झा आणि पूर्वेचा व्हेनेतो या दोन भागांत अशी शेडं होती, खाली वर्कशॉप, वर घर, मागे शेत.

दिवस पाचवा, आजोबांची शेड

आता ज्यासाठी आलो तो दिवस. व्हिचेन्झा आणि पादोवाच्या मधलं एक गाव, नाव लिहीत नाही, आजोबांनी तशी विनंती केली. ते म्हणाले ज्यांच्यासाठी बनवलं त्यांना शब्द दिलाय, त्यातले काही अजून धंद्यात आहेत, काहींची मुलं आहेत. शब्द कागदावर नव्हता, नुसताच दिला होता, आणि चाळीस वर्षं पाळतायत. भाच्याच्या कॉलेजातल्या एकाच्या ओळखीने भेट मिळाली होती.

घरामागे पत्र्याची शेड, बाजूला मक्याचं शेत काढणीला आलेलं, दारात द्राक्षाचा वेल. आजोबांचं वय सत्तरीच्या पुढे, निळा कोट, हाताची नखं आमच्या फिटर लोकांसारखी कायमची काळी. आजींनी आधी कॉफी दिली, मग शेडचं दार उघडलं.

आत गेल्यावर फ्लक्सचा, म्हणजे धातू नीट धरावा म्हणून सांध्याला लावतात त्या लेपाचा, वास आला आणि मला घरी आल्यासारखं झालं. मधोमध लोखंडी सरफेस प्लेट, भिंतीला जिग, ऑक्सिजनचा सिलेंडर, कानशी रांगेत लावलेल्या, प्रत्येकीच्या मुठीवर टेप गुंडाळलेला. आजोबा आता वर्षाला मोजक्या फ्रेम करतात, जुन्यांची दुरुस्ती जास्त. पण १९८० च्या आसपास सहा माणसं होती आणि दिवसाला पंधरा-वीस फ्रेम बाहेर पडायच्या, सात-आठ वेगवेगळ्या नावांच्या.

त्यांनी एक सांधा करून दाखवला. नळीचं टोक आधी माशाच्या तोंडासारखं कापलेलं, ते दुसऱ्या नळीला टेकवून खिडकीकडे धरलं आणि मला जवळ बोलावलं, फटीतून उजेड दिसतो का बघ म्हणाले. केसाएवढी सुद्धा रेघ दिसली नाही. मग लगमध्ये बसवलं, एक बारीक खिळा मारून जागेवर पकडलं म्हणजे तापल्यावर हलणार नाही, फ्लक्स लावला आणि आच दिली. ज्योत एका जागी थांबत नव्हती, लगभोवती फिरत राहिली, आधी जाड भाग मग पातळ, स्टील गडद लाल झालं, त्यावरून किंचित केशरीकडे वळलं आणि त्या क्षणी पितळेची कांडी टेकवली. पितळ पाण्यासारखं आत ओढलं गेलं आणि लगच्या दुसऱ्या कडेला एक सोनेरी रेघ उमटली, सगळीकडून सारखी. तोंडाने काही बोलले नाहीत, ज्योतीचा आवाज बदलला तेव्हा हात मागे आला. मी शेकडो वेल्डर बघितलेत, असा हात दोन बघितले, हा तिसरा.

मग कपाट उघडलं. त्यात पितळेच्या पट्ट्या टांगलेल्या, प्रत्येकीवर कोरलेलं एकेका कंपनीचं नाव. ही पँटोग्राफ मशीनची टेम्प्लेट्स, या पट्टीवरून एक पिन फिरवायची आणि दुसरीकडे लगवर, फोर्कच्या डोक्यावर तेच नाव बारीक अक्षरात कोरलं जातं, नंतर त्यात रंग भरतात. खालच्या ड्रॉवरमध्ये स्टिकरचे गठ्ठे, दोरा बांधलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. सगळी नावं मला माहीत होती, काही नावांची पोस्टर पोरवयात आमच्या खोलीत होती. मी भाच्याकरवी विचारलं, सिन्योर, तुमच्या नावाची पट्टी कुठली? ते म्हणाले, ती कधी केलीच नाही, कोणी मागितली नाही.

यावर काय बोलावं मला सुचेना, म्हणून मी फोनमधले माझ्या वर्कशॉपचे फोटो दाखवले. ते चष्मा लावून बघत बसले, टॅकवेल्डच्या फिक्स्चरचा फोटो मोठा करून बघितला आणि क्लॅम्प उलट्या बाजूने का घेतलाय ते विचारलं, मी कारण सांगितलं, मान हलवली. मग आजींनी एक फाइल आणली, हिशोब सगळा त्या बघायच्या. जुन्या पावत्या. भाच्याने वाचलं, माल पाठवण्याचं कारण या रकान्यात लिहिलेलं, कोंतो लावोरात्सियोने, म्हणजे कामासाठी आलेला माल, मालकी दुसऱ्याची. मी उडालोच, अहो हे तर आमचं ५७ एफ ४! आमच्याकडे एक्साइजच्या काळात जॉबवर्कचा माल ५७ एफ ४ चलनावर यायचा जायचा, नियम बदलले, २०१७ ला जीएसटी आला, तरी आमचा स्टोअरवाला अजून सत्तावन्न एफ फोर बनव म्हणूनच ओरडतो. हे सांगितल्यावर आजी हसल्या, म्हणाल्या इथेही तसंच, जुन्या कागदाला बोल्ला म्हणायचे, १९९६ ला सरकारने नवीन कागद आणला आणि लोक अजून बोल्लाच म्हणतात. त्या फाइलवर आम्ही दोन देशांची चार माणसं अर्धा तास बोललो, रेट कसा ठरायचा, पेमेंट किती दिवसांनी, रिजेक्शन कोणाच्या डोक्यावर. तीन महिने पेमेंट अडकणं तिथेही होतं. क्रोम करणारा वेगळा, रंगवाला वेगळा, सगळे आपापल्या शेडमध्ये, फ्रेम व्हॅनमधून या गावातून त्या गावात फिरायची आणि शेवटी नाव असलेल्या दारात पोचायची. भोसरीतून प्लेटिंगला टेम्पो पाठवतो आपण, तसंच.

निघताना मी तो प्रश्न विचारलाच की निदान एखादी खूण तरी कुठे ठेवायचा का, ठिपका, अक्षर, काहीही. नाही म्हणाले. मग उठून भंगाराच्या डब्यातून एक तुकडा काढला. अपघातात मोडलेल्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा एक्सल जिथे बसतो तो मधला गोल भाग, चार नळ्यांची कापलेली टोकं अजून जोडलेली, खाली एका मोठ्या कंपनीचं नाव कोरलेलं. माझं बोट धरून आत घातलं. आतून गुळगुळीत. नळ्यांची टोकं आत उघडी पडतात, पितळाचे थेंब राहतात, ती सगळी त्यांनी गोल कानशीने साफ केली होती. हे कंपनीने कधी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. पण पाणी आत गेलं की अशा खडबडीत जागी साठतं आणि फ्रेम तिथून गंजते, म्हणाले. तो तुकडा मला दिला.

दिवस सहावा, ब्रेन्ता ते वेरोना

पादोवाहून व्हेनिसकडे जाताना ब्रेन्ता नदीच्या आसपास छोटी छोटी गावं लागतात, त्यातलं एक पियानीगा. इथले सार्तो, आडनावच शिंपी, मासीला लोकांनी दिलेलं नाव यांच्या घराण्यात आधीपासून, हे लोक कित्येक वर्षं दुसऱ्या ब्रँड्ससाठी फ्रेम बनवत होते, आधी स्टील, मग अ‍ॅल्युमिनियम, मग कार्बन, आणि अलीकडे कुठे स्वतःचं नाव लावायला लागले. सहज वाटतं पण तसं नसतं, स्वतःचं नाव लावलं की कालपर्यंतचं गिऱ्हाईक तुमच्याकडे स्पर्धक म्हणून बघायला लागतं.

त्या भागात आम्हाला दुसरी एक कार्बनची शेड बघायला मिळाली, तीही नाव न सांगायच्या अटीवर. तैवान-चीनमध्ये कार्बन फ्रेम मोठ्या मोल्डमध्ये बनते, प्रत्येक साइझचा वेगळा मोल्ड आणि तो महाग, म्हणून हजारोंनी काढायला परवडतं. इथे नळी ते नळी जोडतात, स्टीलसारखंच टोक कापायचं, चिकटवायचं आणि सांध्यावर रेझिन भरलेलं कार्बनचं कापड थरावर थर गुंडाळायचं, मग ओव्हनमध्ये भाजायचं. कापड डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, नाहीतर आपोआप घट्ट व्हायला लागतं. दोन मुली टेबलावर कात्रीने तुकडे कापत होत्या, प्रत्येक तुकड्याचा तिरकेपणा कागदावर लिहिलेला. खरंच शिवणकाम.

पण मागच्या खोलीत रंग देण्याच्या रांगेत ज्या फ्रेम्स होत्या त्यातल्या बऱ्याच बाहेरून आलेल्या होत्या, इथे फक्त रंग आणि नाव. तिथला माणूस स्पष्ट बोलला, लपवलं नाही, म्हणाला रंगावर घर चालतं. युरोपने चीनच्या तयार सायकलींवर १९९३ पासून अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात येणारा माल रोखायचा कर, लावली, २००५ ला ती ४८.५ टक्क्यांवर नेली, तरी फ्रेम बनवायचं काम पूर्वेकडे गेलंच. म्हणजे चाक फिरलं बघा, पूर्वी इटलीतला तेर्झिस्ता दुसऱ्याच्या नावाने बनवायचा, आता तैवानातला कोणीतरी इटलीच्या नावाने बनवतो. त्याचं घर, त्याची कानस कोण बघायला जाणार? मला हे मनापासून खटकतं. तो माल वाईट असतो म्हणून नाही, तिथली माणसं उत्तमच काम करतात. पण गिऱ्हाईकाला निदान एवढं सांगायला काय हरकत आहे की हे इथे बनलं आणि तिथे रंगलं.

परतीच्या वाटेवर वेरोनाला दोन तास. दारियो पेगोरेत्तीचं वर्कशॉप या शहरात आहे. हा सासऱ्याच्या हाताखाली, लुइजिनो मिलानीकडे शिकला, आणि १९९० च्या दशकात मोठमोठ्या प्रोफेशनल रायडरसाठी फ्रेम बनवल्या, वर नाव टीमच्या ब्रँडचं. मग एके दिवशी स्वतःचं नाव लावलं, आणि असं लावलं की रंगसुद्धा चित्रासारखे, एक फ्रेम दुसरीसारखी नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेला, बासष्टाव्या वर्षी. त्याचे लोक काम पुढे चालवतायत. भाचा म्हणाला, मामा तुम्ही कधी लावणार नाव? मी नदीकडे बघत चहा प्यायलो, उत्तर दिलं नाही, कारण खरंच ठरलेलं नाही.

दिवस सातवा, परत

मालपेन्साला भाचा सोडायला आला, वाकून नमस्कार केला, बहिणीसाठी चीज दिलं. बॉटम ब्रॅकेटचा तुकडा चेक-इनच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून.

सोमवारी वर्कशॉपला गेलो आणि तुकडा क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या, टेबलावर ठेवला, कोणाला काही सांगितलं नाही. आमचा कानस मारणारा पोरगा, लातूरकडचा, चार वर्षं आहे आमच्याकडे, त्याने येता जाता उचलला. वरचं नाव वाचलं नाही. उलटा केला, सांध्यावरून नख फिरवलं, मग आत बोट घातलं आणि थांबला. दुसऱ्या बाजूने परत घातलं. "साहेब, आतून पण कानस मारलीय," म्हणाला, "कोणाचा जॉब आहे हा?"

मी स्टूल ओढून त्याला बस म्हटलं, आणि बाहेर प्लेटिंगचा टेम्पो हॉर्न वाजवत होता तो वाजू दिला.